नानांचे २७.४६ मिलिमीटर

रविवारी पहाटे साडेचारला हडपसर मागे टाकून सोलापूर रस्त्याला लागलेली मोटार एक तर तुळजापूरला निघालेली असते, नाही तर भिगवणला. तुळजापूरच्या गाडीत बायकामुलं असतात, ओटीचं सामान असतं, डब्यात दशम्या असतात. भिगवणच्या गाडीत मागे ट्रायपॉड आडवा पडलेला असतो, पुढे मातकट हिरवी टोपी घातलेले एक गृहस्थ असतात आणि ते शेजारच्याला सांगत असतात, "आज लाइट मस्त मिळणार." सूर्य उगवायला अजून अडीच तास असतात.

आमच्या सोसायटीतले नाना या दुसऱ्या गाडीतले. त्यांना पक्षीनिरीक्षक म्हटलेलं आवडत नाही, आणि ते खरंही नाही. "निरीक्षण काय, कुणीही करतं," असं ते म्हणतात. त्यांना फोटो हवा असतो, आणि तोही नुसता फोटो नव्हे. शार्प फोटो. उजनीच्या फुगवट्यावर शेकडो रोहित एकदम उडावेत, आभाळाचा एक तुकडा गुलाबी व्हावा, होडीतल्या माणसांनी हातातलं बिस्कीट तसंच धरून बघत राहावं, तरी नानांचा प्रश्न एकच असतो: "सगळ्यात पुढच्याच्या डोळ्यावर फोकस आहे का?"

नाना पिंपरीच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. लेथवरून, ग्राइंडिंगवरून उतरलेला प्रत्येक जॉब नानांच्या टेबलावरून पुढे जायचा, किंवा जायचा नाही. हातात मायक्रोमीटर, समोर गो आणि नो-गो गेज, पायाशी रिजेक्शनचा लाल खोका. या खोक्यावर नानांचा फार जीव. पास झालेल्या मालाची त्यांच्याकडे एकही आठवण नाही. रिजेक्ट केलेला बुश मात्र कुठल्या साली, कुठल्या शिफ्टला, किती मायक्रॉननं हुकला होता हे ते आजही सांगतात. अशा माणसाला कंपनी शाल-श्रीफळ देऊन घरी पाठवते, तेव्हा त्याला तपासायला उरतं काय? काकूंच्या पोळ्या. पोळीचा व्यास सगळीकडे सारखा नाही, एका अंगाला जाडी जास्त आहे, वगैरे. काही महिने काकूंनी सोसलं. मग त्यांनीच नानांना कॅमेरा घ्यायला लावला.

नानांकडे फोटो बघायला जाताना आपल्याला वाटतं, पक्षी दिसेल. नाना लॅपटॉप उघडतात आणि पहिल्याच झटक्यात शंभर टक्क्यांवर जातात. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे फोटो आडवा ६००० ठिपक्यांचा. लॅपटॉपचा पडदा १९२० चा. तेव्हा पडद्यावर पक्षी मावतच नाही. मावतो तो डोळा. समोर एक लालभडक वर्तुळ, मधे काळा ठिपका, कडेला पांढऱ्या पिसांचे दोन-चार तंतू.

"ओळख," नाना म्हणतात.

"सूर्यग्रहण?"

"शेकाट्या. बघ इकडे, पापणीच्या कडेला. दिसतंय? सॉफ्ट आहे. रिजेक्ट."

शेकाट्याचे ते लांबलचक गुलाबी पाय, ज्यांच्यावरून शाळेतलं पोरही त्याला ओळखतं, ते नानांनी कधी नीट पाहिलेत की नाही याची मला शंका आहे. पाय फोटोत असतात. पण शंभर टक्क्यांवर ते कुठेतरी पार खाली राहतात, आणि तिथवर पोचायच्या आतच फोटो नापास झालेला असतो. पिंगळ्याचा पिवळा डोळा, पाणकावळ्याचा हिरवा, वेड्या राघूचा माणकासारखा लाल. एवढी विविधता नेत्रपेढीतही नसेल. आणि सगळे सॉफ्ट.

आता शार्प फोटोसाठी लोक काय करतात? पैसे असले तर कॅमेऱ्याच्याच कंपनीची लांब लेन्स घेतात. ६०० एमएम, एफ ४, किंमत दहा लाखांच्या वर. नानांना ते मंजूर नाही. पैशाचा प्रश्न असणारच, पण तो ते कबूल करत नाहीत. त्यांचं म्हणणं तात्त्विक आहे. "तयार लेन्स काय, कुणीही लावतं. खटकन बसते. त्यात आपण काय केलं?" म्हणून नाना आजच्या मिररलेस कॅमेऱ्याला दुसऱ्या कंपनीची, दुसऱ्या जमान्याची, जमलं तर दुसऱ्या देशाची लेन्स लावतात, आणि ती बसावी म्हणून मधे अ‍ॅडॅप्टर घालतात.

हा अ‍ॅडॅप्टर नीट समजून घ्यायला हवा, नाही तर नाना समजायचे नाहीत. जुन्या एसएलआर कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्या मधे आरसा असायचा. फोटो काढताना तो वर उडायचा, त्याला उडायला जागा हवी, म्हणून लेन्स फिल्मपासून लांब बसवावी लागे. कॅननच्या ईएफ माउंटला ४४ मिलिमीटर, निकॉनच्या एफला ४६.५, आणि आट्यांनी पिळून बसवायच्या एम-४२ या जुन्या माउंटला ४५.४६. मिररलेसमध्ये आरसाच नाही. सोनीच्या ई माउंटला लेन्स सेन्सरपासून फक्त १८ मिलिमीटरवर येऊन बसते. तेव्हा जुनी लेन्स चालवायची तर मधलं अंतर भरून काढायला हवं. ४५.४६ वजा १८. नानांच्या उत्तरायुष्याचा आकडा तो हा: २७.४६ मिलिमीटर. एवढ्या जाडीची धातूची एक कडी. आत काच नाही, तार नाही, काहीही नाही. बिल बघून काकूंनी विचारलं होतं, "अहो, पोकळी विकत आणलीत?"

पण पोकळीसुद्धा मोजता येते. पार्सल फोडल्यावर नानांनी चहा बाजूला ठेवला आणि व्हर्नियर काढला. चार ठिकाणी मोजली. २७.३ च्या आसपास भरली. त्या क्षणी नानांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते काकूंनी निवृत्तीनंतर पहिल्यांदाच पाहिलं. "अंडरसाइझ!" नाना जवळजवळ गायलेच. वास्तविक बनवणारे या कड्या मुद्दामच किंचित पातळ बनवतात. कडी जाड झाली तर लेन्सचा फोकस अनंतापर्यंत पोचत नाही, दूरचं काहीच स्पष्ट येत नाही. पातळ झाली तर फोकस अनंत गाठून आणखी थोडा पुढे जातो, आणि पुढे गेलेला मागे आणता येतो. हे मला नानांनीच सांगितलं. तरीही, "म्हणजे ही लेन्स अनंताच्या पलीकडे फोकस करते," हे वाक्य ते अशा काही स्वरात उच्चारतात की ऐकणाऱ्यानं हात जोडावेत. पलीकडे काय असतं, असं मी एकदा विचारलं.

"ब्लर," नाना म्हणाले.

या पोकळीपुढे बसलेली नानांची पहिली लेन्स रशियन. मुंबईच्या चोरबाजारात एका शुक्रवारी त्यांना एक लोखंडी पेटी मिळाली. आत 'फोटोस्नायपर'. हा संच १९६५ पासून सोव्हिएत रशियात निघायचा: झेनिट कॅमेरा, ताइर-३ नावाची ३०० एमएम, एफ ४.५ ची लेन्स, आणि दोघांना खालून धरायला चक्क बंदुकीचा दस्ता. दस्ता खांद्याला लावायचा, नेम धरायचा, चाप ओढायचा की फोटो. पेटीतला झेनिट कधीच मेलेला होता. लेन्स जिवंत होती, कोपऱ्यात जराशी बुरशी धरून. नव्या कॅमेऱ्याशी तो चाप जुळत नाही म्हणून नानांनी त्याच्याखाली वायरवाल्या रिमोटचं बटण बसवलं. आता चाप ओढला की सोनी उडायचा. हे नानांचं सर्वात यशस्वी काम. त्यात पक्षी कुठे नव्हता, म्हणून असेल.

ही पेटी डिकीत घालून आम्ही निघालो आणि वाटेत नाकाबंदी लागली. हवालदारांनी डिकीत टॉर्च मारला. लोखंडी पेटी. पेटीत दस्ता, चाप, नळी.

"काय आहे काका हे?"

'कॅमेरा' एवढं उत्तर पुरे होतं. पण नाना पडले नेमकं बोलणारे. ते म्हणाले, "फोटोस्नायपर."

त्यातला 'फोटो' हवालदारांपर्यंत पोचला नाही.

साहेब आले. "शिकार करता?"

"छे हो! फोटो काढतो. पक्ष्यांचे."

"दाखवा एखादा."

नानांनी कॅमेरा चालू केला आणि सवयीनं फोटो शंभर टक्क्यांवर नेला. साहेब त्या करड्या ढगाकडे बराच वेळ बघत होते. मग सहानुभूतीनं म्हणाले, "हलला का हो?"

नाना खुलले. "हलला नाही, साहेब. हलला असता तर सगळ्या कडा एकाच दिशेला ओढल्या गेल्या असत्या. इथे बघा, सगळीकडून सारख्या पसरल्यात. म्हणजे फोकस चुकला. आता फोकस का चुकला..." आणि त्यांनी ४५.४६ पासून सुरुवात केली. व्हर्नियर काढायला ते गाडीकडे वळले, तेव्हा साहेब हवालदारांना हळूच म्हणाले, "जाऊ द्या यांना. लवकर जाऊ द्या."

त्या दस्त्यावरून कुणी हटकलं की नाना सालिम अलींचा दाखला देतात. लहानपणी सालिम अलींनी छऱ्याच्या बंदुकीनं एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग निघाला, ती कोण हे विचारायला ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, आणि पुढचं सारं आयुष्य पक्ष्यांमागे गेलं. "सुरुवात बंदुकीपासूनच आहे रे सगळ्याची," नाना म्हणतात.

"त्यांचा नेम लागला होता," काकू म्हणतात.

रशियन लेन्स आणि जपानी कॅमेरा एकमेकांशी बोलत नाहीत. फोकस हातानं करायचा. कॅमेरा मदत एवढीच करतो, की जिथे कडा स्पष्ट असतील तिथे लाल रेघा चमकवतो. त्याला फोकस पीकिंग म्हणतात. पीकिंगला पक्षी कळत नाही, कडा कळतात. आणि पाणथळीत सर्वात जास्त कडा असतात पाणकणसाला. पाती लालेलाल होतात, मागे बगळा धुक्यात उभा. पाणकणसाचे इतके उत्तम फोटो महाराष्ट्रात दुसऱ्या कुणाकडे नसावेत.

शिवाय अशी मुकी लेन्स लावली की तिची फोकल लेंग्थ कॅमेऱ्याला आपण सांगावी लागते. त्या हिशेबानं आतला सेन्सर हाताच्या थरथरीच्या उलट सरकतो आणि थरथर मारतो. पुतण्याच्या मुलाच्या मुंजीत नानांनी ५० एमएमची जुनी लेन्स लावून बटूचे फोटो काढले, आकडा ५० वर ठेवून दिला, आणि दुसऱ्या दिवशी ३०० ची लेन्स घेऊन कवडीपाटला गेले. कॅमेरा दिवसभर ३०० ची थरथर ५० च्या मापानं आवरत होता. नदीकाठचा एकेक धोबी पक्षी फोटोत जोडीनं आला. संध्याकाळी नानांच्या हे लक्षात आलं आणि त्यांचा दिवस सार्थकी लागला. त्यांनी हाक मारली, "अगं, वही आण. सापडलं."

ही वही म्हणजे वाणसामानाच्या वहीची मागची बाजू. नाना सांगतात, काकू लिहितात. तारीख, ठिकाण, पक्षी, कारण. कारणाच्या रकान्यात: वारा. होडी हलली. शटर कमी. उन्हाची झळ. पुढचा यूव्ही फिल्टर स्वस्तातला. होडीवाल्याला शिंक. अ‍ॅडॅप्टर. अ‍ॅडॅप्टर. अ‍ॅडॅप्टर, सैल. समासात काकू कधीकधी पेन्सिलीनं आपलं काही लिहितात: 'दोघं होती. एक मासा घेऊन आला, दुसरीनं घेतला नाही.' तो मजकूर नाना वाचत नाहीत. त्यांच्या दृष्टीनं तो रकान्याबाहेरचा.

हातानं फोकस करणाऱ्यांसाठी एक जुनी युक्ती आहे आणि ती खरोखर चालते. वेडा राघू फांदीवरून उडतो, हवेतच किडा पकडतो आणि पुष्कळदा पुन्हा त्याच फांदीवर येऊन बसतो. तेव्हा पक्ष्यामागे लागायचं नाही. फांदीवर फोकस लावून गप्प राहायचं. सासवडकडच्या माळावर नानांनी तसा बेत केला. पाच मीटरवरून ३०० एमएम, एफ ४.५ ला फोकसची खोली मिळते जेमतेम सात-आठ सेंटिमीटर, आणि शंभर टक्क्यांवर बघणाऱ्याला त्याहूनही कमी. म्हणून नानांनी चौकटीत फांदीची साल मोठी करून घेतली आणि केसाएवढं चाक फिरवत फोकस लावला. श्वास धरला. राघू आला. चोचीत चतुर होता. त्यानं तो फांदीवर डावीकडे आपटला, उजवीकडे आपटला, हवेत उडवून सरळ केला आणि गिळला. मी हे सगळं साध्या डोळ्यांनी पाहत होतो. नाना अजून मोठ्या केलेल्या चौकटीतच होते. त्यांना राघूची नखं तेवढी दिसत होती. त्यांनी नखांवर चाप ओढला आणि ओढतच राहिले.

घरी पाहिलं तर फोटोत फांदी, दोन पाय आणि पोटाचा खालचा भाग. धड चौकटीच्या वर. नखं मात्र टॅक शार्प. नाना तो फोटो कुणाला डिलीट करू देत नाहीत. वहीत त्याची नोंद आहे: 'पास. (पक्षी नाही.)'

पुढे रशियन पेटी माळ्यावर गेली आणि कॅननची ४०० एमएम, एफ ५.६ घरात आली, सेकंडहँड. १९९३ ची लेन्स. सडपातळ, वजनाला हलकी, थरथर मारायची यंत्रणा आत नाही, आणि तरी पक्षीवाल्यांनी वर्षानुवर्षं हिला डोक्यावर घेतलं. लेन्सबद्दल खुद्द नानांचीही तक्रार नाही. पण कॅननची लेन्स सोनीच्या कॅमेऱ्यावर, म्हणजे मधे पुन्हा अ‍ॅडॅप्टर, आणि हा पोकळ नव्हे. याच्यात सर्किट. हा दुभाष्या. कॅमेरा आपल्या बोलीत म्हणतो, 'जरा पुढे.' दुभाष्या ऐकून घेतो, मनात जुळवतो, लेन्सला सांगतो. लेन्स सरकते आणि म्हणते, 'आले.' दुभाष्या तेही पोचवतो. कॅमेरा म्हणतो, 'फार पुढे गेलीस.' हे बोलणं चालू असताना खंड्यानं सूर मारलेला असतो, मासा आणलेला असतो, आणि आता तो पाठ करून बसलेला असतो. बसलेल्या पक्ष्याला असला कारभार चालतो. उडता पक्षी गोठवायला १/२००० सेकंदाचं शटर लागतं, आणि दुभाष्यानं तेवढ्यात फक्त घसा खाकरलेला असतो.

नानांची एक गोष्ट मात्र मान्य करायलाच हवी. त्यांची कारणं खोटी नसतात. होडीत ट्रायपॉड लावू नका, इंजिनाची थरथर पायांतून सरळ कॅमेऱ्यात चढते, त्यापेक्षा हातात धरा. हे त्यांनी एकदा पोळून घेतल्यावर सगळ्यांना सांगितलं आणि ते शंभर टक्के खरं आहे. झळेचंही तसंच. सकाळ चढली की फुगवट्यावर तापलेली आणि गार हवा एकमेकींत मिसळायला लागते, तिच्यातून येणारा प्रकाश वाकडातिकडा होतो, आणि लांबच्या पक्ष्याची कड पाण्यासारखी हलते. मग लेन्स कितीही मोठी असो. एकदा आमच्या होडीत एक पाहुणे होते, मांडीवर दहा लाखांहून महाग नळी. दूर काठावर पट्टकादंबांचा थवा उतरला होता, हिमालय ओलांडून आलेला. पाहुणे धडाधड फोटो काढत सुटले.

"उगाच काढताय," नाना म्हणाले. "तुमच्या आणि त्यांच्या मधे दोनशे मीटर हवा आहे. ती शार्प नाहीये."

पाहुणे दुखावले. उतरताना नमस्कारसुद्धा केला नाही. रात्री त्यांचा फोन आला: एकही आलेला नाही, तुम्ही म्हणालात तेच. नाना त्यांच्याशी तासभर बोलले. जवळ जा, लवकर जा, ऊन चढलं की भजी खायला जा. मला तरी पक्ष्यांच्या फोटोबद्दल याहून शहाणा सल्ला माहीत नाही. फक्त तो देणाऱ्याचा अल्बम मागायचा नाही.

भजी म्हटलं तरी भिगवणला जेवायचं म्हणजे चिलापी. तळलेली चिलापी पुढ्यात आली की नानांना कारखाना आठवतो. तिथे बिघाडाचं मूळ शोधायला काओरू इशिकावा या जपानी गृहस्थांची आकृती काढायचे. मधे माशाचा कणा, दोन्ही बाजूंना तिरपे काटे, एकेका काट्यावर एकेक जातीची कारणं: यंत्र, माल, पद्धत, माणूस. डोक्याच्या जागी दोष. नानांनी कागदी रुमाल पसरला, डोक्यात लिहिलं 'सॉफ्ट', आणि काटे भरायला घेतले. यंत्राच्या काट्यावर अ‍ॅडॅप्टर, त्याचा खेळ, दुभाष्या, बॅटरी. मालाच्या काट्यावर झळ, धुकं, स्वस्त फिल्टर. पद्धतीवर शटर, छिद्र, होडीवाल्यानं होडी उलट्या उन्हात नेली. रुमाल पुरेना, दुसरा जोडला.

काकूंनी जेवता जेवता मान वाकडी करून पाहिलं. "हा एक काटा रिकामा का?"

त्यावर 'माणूस' लिहिलेलं होतं.

"तो नंतर भरू," नाना म्हणाले आणि सोलकढी मागवली. ताटात चिलापीचा सांगाडा उरला होता, त्याचे काटे सगळे जागच्या जागी.

दिवाळीला नानांची लेक हैदराबादहून आली. तिचाही कॅमेरा आहे, पण ती त्याचा गवगवा करत नाही. नवा मिररलेस, त्यावर त्याच कंपनीची २०० ते ६०० एमएमची लेन्स. कॅमेरा पक्ष्याचा डोळा स्वतः शोधतो, सापडला की सोडत नाही, आणि सेकंदाला तीस फोटो काढतो. "बाबा, मी इथे आहे तोवर हा वापरा की," ती म्हणाली. नानांनी लेन्स लावली. खटकन बसली. मधे काहीच नव्हतं. ते जोड बोटानं चाचपत राहिले. व्हर्नियर टेकवायला जागा नव्हती.

त्या रविवारी भिगवणला नानांच्या आयुष्यात प्रथमच सगळं जमलं. शेकाट्या शार्प. खंड्या सूर मारताना शार्प, पाण्यातून बाहेर येताना शार्प, मासा शार्प. रोहितांचा थवा उडाला तर सर्वात पुढच्याच्या डोळ्यात सूर्याचा ठिपका. मी अभिनंदन केलं तर नाना म्हणाले, "घरी जाऊन बघू." घरी ते रात्री उशिरापर्यंत शंभर टक्क्यांवर फिरत होते. या कडेवरून त्या कडेवर. पापणीचे तंतू मोजता येत होते. काकू वही उघडून बसल्या.

"काय लिहू?"

नाना गप्प.

"अहो, झोप येतेय मला. काय लिहू?"

"थांब जरा. असेल काहीतरी."

पुढचे दिवस वाईट गेले. नाना फोटो उघडायचे, मोठा करायचे आणि बंद करायचे. सकाळी फिरायला गेले नाहीत. मग एका रात्री जेवताना त्यांनी पोळी हातात घेतली, उजेडाकडे धरली आणि काठावरून बोट फिरवलं. काकूंनी लेकीकडे पाहिलं. लेकीला काही कळलं नाही. ती लग्न होऊन गेली तेव्हा पोळ्यांचं प्रकरण सुरू व्हायचं होतं.

शेवटी तोडगा नानांनाच सापडला. मध्यरात्री ते स्वयंपाकघरात उजेड करून उभे, हाताशी वही. "लिही," ते म्हणाले. "एका खंड्याचे तीस फोटो आलेत. तिसांतला एकही रिजेक्ट होत नाही. मग ठेवायचा कुठला? निवड होत नाही म्हणजे इन्स्पेक्शनच होत नाही. ही पद्धतच चूक आहे."

काकूंनी कारणाच्या रकान्यात लिहिलं: 'फार शार्प.'

लेक परत जाताना तिचं सामान नानांनी स्वतः गुंडाळून दिलं, लेन्सला दोन टॉवेल लावून. तिला टॅक्सीत बसवून वर आले आणि त्यांनी मला माळ्यावरून रशियन पेटी काढायला बोलावलं. पाठोपाठ कुठून तरी एक नवीन कडी मागवली गेली. शुक्रवारी संध्याकाळी फोन आला. नानांचा आवाज ओळखू येणार नाही इतका ताजा.

"रविवारी चारला तयार राहा. नवा अ‍ॅडॅप्टर आला. मोजला. ओव्हरसाइझ आहे रे! चांगला जाड आहे. अनंत काही गाठता यायचं नाही, तेव्हा लांबचे पक्षी यंदा सोडून द्यायचे. आणि हे बघ, पहिल्या दिवशी फार अपेक्षा ठेवू नकोस."

मागून काकूंचा आवाज आला, "त्याला म्हणावं येताना दोनशे पानी वही घेऊन ये. ही संपली."